मानेत तडकलेली रायफल: एअरसॉफ्टसाठी हाताने घडवलेल्या ली-एनफिल्डचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धावर बेतलेले एअरसॉफ्टचे खेळ होतात. कपडे, पट्टे, हेल्मेट सगळं त्या काळातलं. बंदुका बाहेरून त्या काळातल्या दिसतात आणि आतून स्प्रिंगच्या जोरावर ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी फेकतात. डोळ्यांवर मात्र आजचे गॉगल, तिथे तडजोड नाही. मिडलंड्समधल्या अशाच एका गटात मैदानाच्या दाराशी बसून बंदुका तपासणं हे माझं काम. गटात मराठी बोलणारे दोघेच, एक मी आणि दुसरा ज्याचं हे प्रकरण आहे तो. त्याच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि त्याला मिस्त्री म्हणतोय. पोटापाण्याला तो सॉफ्टवेअरमध्ये आहे.

एका हंगामासाठी गटाने इटलीची आघाडी निवडली तेव्हा मिस्त्रीने तिथल्या तिथे सांगून टाकलं, मी मराठा शिपाई होणार. यात ओढूनताणून काही नव्हतं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या आहेत. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांच्या हातात त्या दिवशी टॉमी गन, म्हणजे छोटी स्वयंचलित बंदूक होती, पण ते तुकडीचे प्रमुख होते. मिस्त्रीला साधा शिपाई उभा करायचा होता, म्हणजे हातात रायफल हवी.

कोणती रायफल, हा प्रश्न गटात तसा सुटलेला होता. बाकी सगळे ब्रिटिश तुकडीचे, त्यांच्याकडे ली-एनफिल्ड नंबर ४. भारतात मात्र युद्धकाळात नंबर ४ कधी बनलीच नाही. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यातून ली-एनफिल्डचंच जुनं रूप, नंबर १ मार्क ३ स्टार, बाहेर पडत राहिलं, जिला सगळे एसएमएलई म्हणतात. ओळखायला सोपी आहे. नंबर ४ची नळी तोंडाशी थोडी बाहेर डोकावते. एसएमएलईची नळी टोकापर्यंत लाकडात गुंडाळलेली असते आणि पुढे बोथट, नाकपुड्यांसारखी दिसणारी लोखंडी टोपी बसवलेली असते. भारतीय शिपायाच्या हातात नंबर ४ दिली तर लांबूनही खटकतं. निदान मिस्त्रीला खटकायचं.

कायद्याची आडकाठी

लाकूड आणण्याआधी एक गोष्ट झाली, जिच्याकडे हौशी लोक फारसं बघत नाहीत. ब्रिटनमध्ये २००६ सालच्या व्हायलंट क्राइम रिडक्शन ॲक्टनुसार हुबेहूब दिसणारी नकली बंदूक विकणं किंवा बाहेरून आणणं तर गुन्हा आहेच, ती बनवणंही गुन्हा आहे. एअरसॉफ्ट आणि विमा उतरवलेले ऐतिहासिक प्रसंगांचे प्रयोग यांच्यासाठी सूट आहे, पण ती सूट आपल्याला लागू होते हे दाखवता यायला हवं. १८७०च्या आधीच्या धाटणीची शस्त्रं या व्याख्येत येत नाहीत. एखाद्याने तोड्याची बंदूक घडवली तर प्रश्न वेगळा. एसएमएलईचं मार्क ३ हे रूप १९०७चं, म्हणजे ती सरळ व्याख्येत बसते.

मिस्त्री तेव्हा गटात नवा होता. ही सूट दाखवायला एअरसॉफ्ट दुकानदारांच्या नोंदवहीतलं नाव चालतं, पण तिथे नाव यायचं तर किमान ५६ दिवसांच्या काळात तीन खेळ खेळलेले असावे लागतात. त्याचा एकच झाला होता. त्याचं म्हणणं, “मी विकत घेतच नाहीये, घरी बनवतोय, मला कोण विचारणार?” मी म्हटलं, “अरे, कायद्यात ‘बनवणे’ हा शब्द आधी आहे.” दोन दिवस तो माझ्यावर नाराज होता. मग दोन महिने थांबला, तीन खेळ उसन्या बंदुकीवर काढले आणि त्या वेळात नुसती मापं गोळा केली. पुढे जे चांगलं झालं त्यातलं बरंच या थांबण्यामुळे झालं, असं मला वाटतं. (हे सगळं ब्रिटनपुरतं. भारतात शस्त्रविषयक नियम वेगळे आहेत, तिथे याचा आधार घेऊ नये.)

समोरचे पर्याय

तयार एसएमएलई बाजारात होती. किंमत परवडण्यासारखी नसली तरी अशक्यही नव्हती. तिच्या बाजूने भक्कम मुद्दा म्हणजे ती चालते, सुटे भाग मिळतात आणि ती मी दारावर दोन मिनिटांत पास करतो. विरुद्ध मुद्दा एकच, मिस्त्रीला ती स्वतः घडवायची होती. अशा निर्णयात हौस हेही खरं कारण असतं, ते लपवून पैशांची बेरीज-वजाबाकी मांडण्यात अर्थ नाही.

दुसरा पर्याय, सगळं आतलं यंत्र स्वतः करायचं. तो त्याने लवकर सोडला आणि शहाणपणाने सोडला. हवेचा सिलिंडर, पिस्टन, स्प्रिंग अडवणारा खटका हे भाग कारखान्यातूनच आलेले बरे, कारण सुरक्षितता त्यांच्यावर असते.

तिसरा पर्याय घेतला. व्हीएसआर-१० धाटणीची बोल्टवाली (दर बाराआधी हाताने दांडा मागे-पुढे करावा लागणारी) एअरसॉफ्ट रायफल जुनी विकत घ्यायची, तिचं प्लॅस्टिकचं अंग काढून टाकायचं आणि आतलं यंत्र नव्या लाकडी अंगात बसवायचं. गटात अशा बंदुकीला डोनर म्हणतात. जुनी ९० पौंडांना मिळाली.

इथे एक बारकी पण जाणकारांना टोचणारी गोष्ट होती. खऱ्या ली-एनफिल्डचा बोल्ट मागे सहज येतो आणि पुढे ढकलताना स्प्रिंग दाबली जाते. म्हणूनच सराव झालेला शिपाई मिनिटाला १५ नेमके बार काढू शकायचा. डोनरमध्ये नेमकं उलटं, सगळा जोर मागे ओढताना लागतो. हाताची लय उलटी होते. मिस्त्री यावर आठवडाभर कागद रंगवत बसला आणि शेवटी म्हणाला, “हे राहू दे. बघणाऱ्याला दिसणार नाही, मला रोज जाणवेल.” पण या उलट्या जोराचा परिणाम लाकडावरही होणार होता, ते तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिली बांधणी

खऱ्या एसएमएलईचं लाकूड एकसंध नसतं. पुढचा भाग वेगळा, वरचं झाकण वेगळं आणि खांद्याला लागणारा दस्ता वेगळा. (दस्त्याला कुंदाही म्हणतात, पण बेळगावात मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे आणि तिथे कुंदा म्हटलं की लोक मिठाई समजतात, म्हणून दस्ता हाच शब्द बरा.) दस्ता आणि पुढचा भाग यांच्यामध्ये रायफलीच्या पोलादी अंगाचाच एक बुटका कप असतो. दस्ता त्यात घुसतो आणि मागून आलेला आट्यांचा लांब गज त्याला आवळून धरतो.

डोनरला असा कप नव्हता. तो घडवायचा तर धातूचं काम वाढणार. म्हणून मिस्त्रीने ठरवलं की अख्खं अंग एकाच फळीतून कापायचं आणि कपाच्या जागी पत्र्याची काळी पट्टी गुंडाळायची. दिसायला दोन तुकडे, असायला एक. मला ही युक्ती आवडली होती, हे कबूल करतो.

लाकूड अक्रोडाचं, जुन्या जेवणाच्या टेबलाची फळी. गुण्या, खतावणी, करवत, मग रंधा, पटाशी आणि शेवटी कानस. नळीची खाच पटाशीने खोदायला त्याला तीन शनिवार-रविवार लागले. धातूवर काजळी लावायची, लाकडात बसवून उचलायची, जिथे काळा ठसा उठेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा बसवायची. पुढची टोपी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कानशीने काढली, मूळ पोलादाच्या जागी, कारण घरच्या व्हाइसवर पोलाद जमणारं नव्हतं. मॅगझिनचा डबा पत्र्याचा. त्याच्या पोटात डोनरचं छोटं मॅगझिन लपतं. एकूण लांबी मूळ रायफलीइतकी, ४४.५ इंच. लाकडाला कच्च्या जवसाच्या तेलाचे हात दिले. तेलाचे बोळे गॅरेजमध्ये ढिगाने टाकू नकोस, पाण्यात भिजवून मग फेक, हे मी त्याला दोनदा बजावलं. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशा ढिगाला आपोआप आग लागू शकते.

तयार झाली तेव्हा वजन ३.१ किलो भरलं. खरी रायफल साधारण ३.९ किलोची. मिस्त्रीला हलकी बंदूक खेळण्यासारखी वाटत होती. त्याने दस्त्याच्या मागच्या पोकळीत, जिथे खऱ्या रायफलीत तेलाची कुपी ठेवतात, ६०० ग्रॅम शिसं भरलं. तोल थोडा मागे गेला, पण खांद्यावर घेतल्यावर वजन खरं वाटायला लागलं.

दारावर मी वेग मोजला. ०.२० ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला १४५ मीटर, म्हणजे सुमारे २.१ ज्यूल. एकेक बार काढणाऱ्या एअरसॉफ्टला ब्रिटनमध्ये कायद्याची मर्यादा २.५ ज्यूल आहे, त्यामुळे कायद्यात बसत होती. आमच्या मैदानाच्या नियमाने मात्र एवढ्या जोराच्या बंदुकीने ३० मीटरच्या आत मारायचं नाही. मी पास केली. खटका पाहिला, मॅगझिन पाहिलं, नळीचं तोंड पाहिलं. लाकूड पाहिलं नाही. लाकूड तपासायची पद्धतच नव्हती.

अडचण उभी राहिली

दुसऱ्याच खेळात, ऑक्टोबरच्या चिखलात, मिस्त्री धावत येऊन बांधामागे पालथा पडला. दस्ता आधी जमिनीला टेकला. त्याला ‘कट्’ असा बारीक आवाज आला. बंदूक चालत होती म्हणून तो खेळत राहिला. साधारण २० मिनिटांनी बोल्ट मागे ओढताना मानेतली, म्हणजे चापामागच्या बारीक भागातली भेग उघडली, खटक्याचा डबा एका बाजूने सैल झाला आणि चाप न ओढता गोळी सुटली. नळी जमिनीकडे होती. गॉगल सगळ्यांच्या डोळ्यांवर होते. कोणाला काही झालं नाही.

बंदूक माझ्याकडे आली तेव्हा पत्र्याची पट्टी काढून पाहिली. भेग बोल्टच्या मागून निघून तिरकी खाली, चापाच्या मागे उतरली होती. हातोडीने पाचर ठोकल्यासारखी सरळ.

मिस्त्रीचे मामा कराडला फर्निचरचं काम करतात. त्याने त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. उत्तर आवाजी आलं आणि ते त्याने मला ऐकवलं: “अरे, रेषा बघ की लाकडाची! मानेत आडवी गेलीया. मोडणारच ती. आधी का नाही दाखवलंस?”

मामांचं निदान बरोबर होतं. फळीतल्या रेषा सरळ लांबीत जात होत्या. दस्ता मात्र खाली झुकतो. त्यामुळे मान जिथे सर्वांत बारीक, तिथेच रेषा तिरक्या कापल्या गेल्या. लाकूड रेषेच्या दिशेत मजबूत, रेषेला छेद दिला की बिस्कीट. त्यात खटका बसवायला आतून पोखरलेलं, मागे ६०० ग्रॅम शिशाचा लोलक लटकवलेला आणि दर बाराला बोल्ट मागे ओढण्याचा झटका त्याच मानेवर. यातलं एकटं कारण कदाचित पेललं असतं. चारही एकाच जागी आणून ठेवली होती.

पुन्हा पर्याय

सर्वांत स्वस्त होतं इपॉक्सी भरून आडव्या लाकडी खुंट्या मारणं. मिस्त्रीचा कल तिकडेच होता, कारण खाच खोदायला गेलेले तीन आठवडे त्याला डोळ्यांपुढे दिसत होते. मी नाही म्हटलं. भिंतीवर टांगायला ठीक आहे, मैदानावर मी ती पास करणार नाही. खटका ज्या लाकडावर टेकतो ते लाकूड हलत असेल तर चिकटवलेली भेग दिसत नाही, एवढाच फरक पडतो.

पातळ पट्ट्या चिकटवून, रेषा वळवून, नवं एकसंध अंग करता आलं असतं. मजबुती मिळाली असती, पण कडेने पट्ट्यांच्या रेघा दिसल्या असत्या आणि काम पूर्ण नव्याने. तयार रायफल घेण्याचाही विषय पुन्हा निघाला. या वेळी मिस्त्रीच्या बायकोने काढला, आणि तिचं गणित चुकीचं नव्हतं.

मग त्याने मूळ रायफलीचं चित्र पुन्हा समोर घेतलं. ज्या कपाला आम्ही दिखाऊ समजून पत्र्याच्या पट्टीवर भागवलं, तो कप मान जिथे मोडते नेमक्या त्या जागी लोखंड आणून ठेवतो. दस्ता वेगळा असल्याने त्याची फळी हवी तशी फिरवून, रेषा मानेतून सरळ मागे जातील अशी कापता येते. शिवाय लहान लाकूड चालतं आणि दस्ता मोडला तर तेवढाच बदलता येतो. आम्ही टाळलेलं कामच सगळा भार घेणार होतं.

दुसरी बांधणी

पुढचा अर्धा भाग वाचला. भेगेच्या पुढे त्याने तो सरळ कापला. ॲल्युमिनियमच्या जाड ठोकळ्यातून कप काढला. यासाठी ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करून घेतलं, हाताने करायचा हट्ट सोडून. डोनरचं धातूचं अंग आता मागच्या बाजूला थेट कपाला स्क्रूने जोडलेलं आहे. खटक्याचा भार धातूवर, लाकडावर नाही. दस्ता नव्या अक्रोडाचा. फळीवर पेन्सिलीने रेषा आखून त्यांच्यावर साचा फिरवत मामांबरोबर व्हिडिओ कॉलवर तासभर गेला. दस्त्याच्या पोटातून ८ मिलिमीटरचा आटेवाला गज कपात जातो आणि आवळला जातो, अगदी मूळ रचनेसारखा.

बऱ्याच इशापुरी रायफलींवर मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू दिसतो, तिथलं लाकूड फाकू नये म्हणून. मिस्त्रीने तोही घातला. सुरुवातीला केवळ रूपासाठी, पण आता मॅगझिनची खाच पोखरलेली असूनही तिथे लाकूड हलत नाही.

शिसं काढलं. वजनासाठी पोलादाची पट्टी पुढच्या लाकडाखाली, नळीलगत बसवली. एकूण ३.६ किलोवर थांबला. उरलेल्या ३०० ग्रॅमचा मोह सोडायला मला त्याला बरंच समजवावं लागलं.

स्प्रिंग हा खरा वादाचा मुद्दा ठरला. मी सुचवलं, कमी ताकदीची घाल. तो म्हणाला, बोल्टवाल्याला लांबचा पल्ला नसेल तर मग उरलं काय? शेवटी १.१ ज्यूलची स्प्रिंग घातली, गोळी सेकंदाला १०५ मीटर. पल्ला घटला, पण ३० मीटरची अट गेली, बोल्ट मागे ओढायला जोर कमी लागू लागला आणि लाकडावरचा झटकाही उतरला. खेळताना तो आता पूर्वीपेक्षा भराभर बार काढतो.

कपावर मूळ रायफलींप्रमाणे मुकुट आणि ‘जी.आर.आय.’ ही राजा-सम्राट जॉर्जची लॅटिन आद्याक्षरं ठोकायची का, यावर एक संध्याकाळ गेली. अक्षरं ठोकली, वर्ष मात्र बांधणीचं घातलं, १९४२ नाही. उद्या ही कोणाच्या हाती गेली तर जुनी म्हणून विकली जाऊ नये.

काय निष्पन्न झालं

दोन हंगाम झाले, मान शाबूत आहे. वरचं लाकडी झाकण पावसाळी दिवसानंतर किंचित वळतं, ते उन्हाळ्यात पुन्हा बसवावं लागतं. एकूण खर्च फुटलेल्या कामासह २८० पौंडांच्या आसपास गेला आणि तास त्याने १४० पर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. तयार रायफल स्वस्त पडली असती का? खर्चाने फार नाही, वेळेने नक्की.

गटातही एक नियम बदलला. घरी बांधलेली कोणतीही बंदूक आता पट्ट्या-पत्रे काढून दाखवावी लागते. मानेच्या जागी लाकडाची रेषा आणि आतलं पोखरण बघितल्याशिवाय मी वेग मोजायला यंत्रच लावत नाही. आणि ‘कट्’ असा आवाज आला की खेळ थांबवून मॅगझिन काढायचं, बंदूक दाराशी आणायची. हे लेखी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मामांना आधी विचारता आलं असतं. ते बंदूक ओळखत नसतील, लाकूड ओळखतात. फळी कापायच्या आधी तिचा एक फोटो गेला असता तर सगळं प्रकरण तिथेच मिटलं असतं. मिस्त्री म्हणतो की बंदुकीचा फोटो बघून मामा घाबरतील असं त्याला वाटलं. तेही खोटं नाही.

पहिली बांधणी पाइनच्या स्वस्त फळीत करून बघता आली असती. मोडली असती तरी १० पौंडांत मोडली असती.

शिशाचा निर्णय मला अजून टोचतो. वजन खरं करायचं हे ठीक, पण ते कुठे ठेवायचं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो आम्ही विचारलाच नाही. मी तर ते शिसं हातात धरून बघितलंही होतं.

बोल्टची उलटी लय तशीच राहिली आहे. ती सुलटी करायची तर आतलं यंत्र नव्याने बांधावं लागेल. मिस्त्री अधूनमधून त्याची चित्रं काढतो, मी पाहिली नाहीत असं दाखवतो.

मागच्या महिन्यात गटात एक बुटकी मुलगी आली. मिस्त्रीची रायफल तिला खांद्याला लांब पडत होती. खऱ्या एसएमएलईचे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे मिळायचे आणि आखूड दस्त्यावर ‘एस’ ठोकलेला असायचा. त्याने उरलेल्या अक्रोडातून अर्धा इंच आखूड असा दुसरा दस्ता काढला. गज सोडवून बदलायला पाच मिनिटं लागतात. ‘एस’ अजून ठोकायचा आहे, तेल वाळतंय.